अकरा वेळा आमदार, पण ‘सलग’ नव्हे

गणपतराव देशमुखांविषयी बोलताना लोकांच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते: सांगोल्यातून सलग अकरा वेळा निवडून आलेले, देशात विक्रम करणारे, कायम विरोधी बाकांवर बसलेले आमदार. या वाक्यातले ‘सांगोला’ खरे आणि ‘अकरा’ही खरे. बाकीचे तिन्ही तपशील चुकीचे आहेत. आबासाहेबांना, म्हणजे गणपतरावांना, मोठे करण्यासाठी त्यांची गरजही नाही, कारण खरा हिशेब या दंतकथेपेक्षा जास्त रंजक आहे.

आधी तो हिशेब मांडू. शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) तिकिटावर ते १९६२ मध्ये पहिल्यांदा विधानसभेत गेले. १९६७ ला पुन्हा जिंकले. १९७२ मध्ये काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी त्यांना हरवले. १९७४ ला पोटनिवडणूक लागली आणि ते परत आले. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० हे चार विजय. १९९५ मध्ये काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांकडून पराभव, तोही अवघ्या १९२ मतांनी. मग १९९९, २००४, २००९ आणि २०१४. मोजले तर अकरा विजय भरतात आणि दोन पराभव. सर्वांत लांब सलग मालिका १९७४ ते १९९० अशी पाच विजयांची आहे. ‘सलग’ हाच निकष लावायचा असेल, तर बाळासाहेब थोरात संगमनेरमधून १९८५ ते २०१९ सलग आठ वेळा जिंकले आहेत. बारामतीत अजित पवारांचेही १९९१ च्या पोटनिवडणुकीपासून २०२४ पर्यंत आठ विजय होतात. म्हणजे सलगतेच्या शर्यतीत गणपतराव पहिले नाहीत. एकूण विजयांत मात्र महाराष्ट्रात ते सर्वांत पुढे आहेत.

‘पन्नास वर्षे आमदार’ या आकड्याचेही असेच झाले आहे. २०१२ मध्ये विधिमंडळात त्यांचा गौरव झाला तो १९६२ पासूनच्या पन्नास वर्षांसाठी. पराभवाचे दोन कालखंड वजा केले, तर तोवर प्रत्यक्ष सभागृहातली वर्षे ४४ च्या आसपास भरतात. पन्नाशी खरोखर गाठली ती त्यांच्या शेवटच्या कार्यकाळात, ८८ व्या वर्षी मिळवलेल्या २०१४ च्या विजयानंतर. गौरव थोडा आधी झाला, इतकेच. त्यात कोणाचे काही बिघडले नाही. पण पुढे तोच आकडा संदर्भ म्हणून वापरला जातो, म्हणून सांगायचे.

आता देशाचा विक्रम. २००९ मध्ये ते दहाव्यांदा जिंकले, तेव्हा ‘करुणानिधींची बरोबरी’ अशी चर्चा झाली. २०१४ नंतर ‘करुणानिधींना मागे टाकले’ असे म्हटले जाऊ लागले, आणि ते अजून फिरते. पण करुणानिधी १९५७ मध्ये कुळितलैतून पहिल्यांदा जिंकले आणि २०१६ मध्ये तिरुवारूरमधून तेराव्यांदा. २००९ पर्यंतच त्यांचे अकरा विजय झालेले होते, म्हणजे बरोबरीचा प्रश्न तेव्हाही नव्हता.

यावर काही जण म्हणतात, करुणानिधींनी मतदारसंघ बदलले, एकाच मतदारसंघातला विक्रम आबांचाच. तेही टिकत नाही. केरळमध्ये के. एम. माणी पाला या एकाच मतदारसंघातून १९६५ ते २०१६ या काळात तेरा वेळा निवडून आले. १९६५ ची केरळ विधानसभा कधी भरलीच नाही, म्हणून ती निवडणूक सोडली तरी बारा उरतात. ओमन चंडी पुथुप्पळ्ळीतून १९७० ते २०२१ बारा वेळा. आणि यांतला कोणीही विधानसभा निवडणूक एकदासुद्धा हरला नाही.

माझ्या मते गणपतरावांचे वेगळेपण इथेच आहे, आणि विक्रमाच्या हौसेत ते झाकले जाते. करुणानिधी द्रविड चळवळीतून उभ्या राहिलेल्या एका प्रचंड पक्षाचे नेते होते, पाच वेळा मुख्यमंत्री झाले. चंडी काँग्रेसचे. माणींचा पक्ष लहान असला तरी केरळातल्या आघाड्यांत त्याला पक्की जागा होती. गणपतराव ज्या पक्षात होते तो मात्र त्यांच्या डोळ्यांसमोर आटत गेला. १९४७ मध्ये केशवराव जेधे, शंकरराव मोरे अशा काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी शेकाप काढला, १९५० च्या दाभाडी अधिवेशनात मार्क्सवादी भूमिका घेतली, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तो आघाडीवर राहिला. १९६७ च्या विधानसभेत या पक्षाचे १९ आमदार होते. १९९९ मध्ये पाच, २००४ मध्ये दोन, २०१४ मध्ये तीन. पक्षाचे एकेक मोठे घर काँग्रेसमध्ये, नंतर राष्ट्रवादीत किंवा आणखी कुठे जात असताना त्यांनी ना पक्ष सोडला, ना लाल बावटा. बुडत्या पक्षाच्या तिकिटावर अकरा वेळा जिंकणे हे वाऱ्याच्या दिशेने जिंकण्यापेक्षा अवघड असते.

यातून लगेच पुढची समजूत तयार होते: सांगोला म्हणजे शेकापचा अभेद्य बालेकिल्ला, तिथे आबांनी अर्ज भरला की निकाल लागलाच. १९२ मतांचा पराभव आठवला तर असे म्हणवणार नाही. त्या १९९५ च्या निवडणुकीत राज्यभर काँग्रेसची पीछेहाट होऊन शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली, आणि नेमक्या त्याच वेळी सांगोल्यात काँग्रेसच्या तरुण उमेदवाराने त्यांना पाडले. गणपतराव तेव्हा ६८ वर्षांचे होते. त्या वयात बहुतेकांनी आत्मचरित्र लिहायला घेतले असते. ते तालुक्यात फिरत राहिले आणि १९९९ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, पुन्हा निवडून आले. अकरांपैकी चार विजय या पराभवानंतरचे आहेत.

१९७२ चा पराभव वेगळ्या जातीचा होता. बांगलादेश युद्धानंतरची ती इंदिरा लाट. काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा घेतल्या आणि शेकाप सातवर आला. त्या लाटेत अनेक विरोधक वाहून गेले आणि कायमचे गेले. मधल्या वर्षांत महाराष्ट्राने शतकातला एक भीषण दुष्काळ पाहिला, आणि १९७४ मध्ये सांगोल्याने गणपतरावांना परत पाठवले. दुष्काळाचा या निकालाशी थेट संबंध जोडणारा पुरावा माझ्याकडे नाही. पण दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या माणसांच्या तालुक्यात मोर्चे काढणारा वकील मतदारांना आठवला असेल, तर नवल वाटू नये.

आणखी एक गोष्ट बालेकिल्ल्याच्या कथेत बसत नाही. ते नेहमी एकट्याने लढले, असेही नाही. १९८५ मध्ये शेकाप पुरोगामी लोकशाही आघाडीत होता, ज्यात शरद पवारांची समाजवादी काँग्रेस, जनता पक्ष आणि चक्क भाजपही होता. २००९ मध्ये तो रिडालोस या तिसऱ्या आघाडीत होता. २०१४ मध्ये तालुक्यात राष्ट्रवादीची साथ मिळाली आणि शिवसेनेच्या शहाजीबापूंवर पंचवीस हजारांहून अधिक मतांची आघाडी मिळाली. प्रत्येक वेळी जुळणी नवी करावी लागत होती.

जातीच्या गणिताचा मुद्दाही इथेच घेऊ. राज्यात इतरत्र ‘देशमुख’ हे आडनाव ऐकून अनेकांना ते वतनदार मराठा घराण्यातले वाटतात. ते धनगर समाजातले, मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, वकिली शिकून सांगोल्यात स्थिरावलेले. हे कळले की समजूत दुसऱ्या टोकाला जाते: सांगोल्यात धनगर समाज मोठा आहे, म्हणून ते निवडून येत. समाजाची मते मोठी होती आणि त्यांचा उपयोगही झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण १९७२ आणि १९९५ मध्ये तालुक्याची जातरचना काही बदललेली नव्हती. शिवाय एका समाजाच्या बळावर पन्नास वर्षे कोणत्याच मतदारसंघात जिंकता येत नाही. उरलेली मते कुठून आली, याचे उत्तर जात देत नाही.

‘कायम विरोधात’ हे तर नोंदींनीच खोटे ठरते. ते काही काळ विरोधी पक्षनेते होते, हे खरे. पण दोनदा मंत्रीही होते: १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. दोन्ही वेळा मंत्रिपदाने पाच वर्षे पूर्ण केली नाहीत. पुलोद सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले. २००२ मध्ये रायगडच्या राजकारणावरून राष्ट्रवादीशी बिनसले आणि शेकापने सरकारचा पाठिंबा काढला. त्या भांडणाचे मूळ सांगोल्यात नव्हतेच, पण पक्षाचा निर्णय म्हणून मंत्रिपद गेले. सत्तेत त्यांचा वाटा थोडा होता, शून्य नव्हता.

त्यांच्यावरची सर्वांत बोचरी टीका मात्र गैरसमज म्हणून झटकून टाकता येत नाही: अकरा वेळा आमदार, मग तालुका कोरडा का राहिला? प्रश्न रास्त आहे. सांगोला पर्जन्यछायेत येतो आणि माण नदी वर्षातला बराच काळ कोरडी असते. इथल्या शेतकऱ्यांनी कमी पाण्यावर डाळिंब उभे केले, ते तालुक्याच्या नावाने बाजारात ओळखले जाते. पण पाण्यासाठी लोकांना दशके वाट पाहावी लागली, हेही तितकेच खरे.

उत्तराचा एक भाग असा, की उपसा सिंचन योजना आमदार मंजूर करत नाही. तो फक्त रेटा लावू शकतो. कृष्णेच्या पाण्यात महाराष्ट्राचा वाटा बच्छावत लवादाने ५६० टीएमसी ठरवला होता आणि तो मे २००० पर्यंत वापरात आणायची घाई होती. ही मुदत जवळ आली तेव्हा, १९९६ मध्ये, कृष्णा खोरे महामंडळ निघाले आणि रखडलेल्या योजनांना पैसा दिसू लागला. त्याच दशकात नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने आटपाडीत दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. गणपतराव आणि भारत पाटणकर तिच्या आघाडीवर होते. कऱ्हाड तालुक्यातल्या टेंभूजवळ कृष्णेचे पाणी उचलून ते सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातून सांगोल्यापर्यंत आणायचे, या मागणीला त्या परिषदेने धार दिली. पाणी पोचायला पुढे बरीच वर्षे गेली. सत्ताधारी पक्षाचा आमदार असता तर लवकर आले असते का? कदाचित. बारामतीकडे पाहून सांगोल्यातले लोक हे बोलून दाखवतात. पण टेंभूच्या पट्ट्यातल्या इतर तालुक्यांत सत्ताधारी आमदार होते, आणि वाट त्यांनीही पाहिलीच.

पाण्याबाहेरचे काम म्हणून शेतकरी सहकारी सूतगिरणीचे नाव घ्यावे लागते. कापसासाठी अजिबात नाव नसलेल्या तालुक्यात त्यांनी ती उभी केली. राज्यात सहकारी सूतगिरण्या एकामागून एक बंद पडत असताना ती चालू राहिली.

साधेपणाच्या गोष्टी इतक्या आहेत की त्यांत खरे-खोटे निवडणे कठीण. एसटीने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ओळख मात्र रास्त आहे. एसटीत आमदारांसाठी आसन राखीव असते आणि प्रवास मोफत असतो. ही सवलत सगळ्यांनाच आहे, वापरतात किती जण ते स्टँडवर विचारावे. समाजमाध्यमांवर त्यांच्या गरिबीच्या ज्या कहाण्या फिरतात त्यांची गरज वाटत नाही. ते गरीब नव्हते. पदाचा थाट त्यांनी केला नाही, एवढेच.

शेवटचा गोंधळ २०१९ चा. त्या वर्षी शहाजीबापूंनी गणपतरावांना हरवले, असे अनेकांना वाटते. २०२२ मध्ये शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी गुवाहाटीहून ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हा फोनवरचा संवाद राज्यभर गाजला आणि बापू घराघरांत पोचले, तेव्हा ही समजूत आणखी पक्की झाली. प्रत्यक्षात गणपतराव वयामुळे २०१९ ला उभेच राहिले नव्हते. शेकापकडून त्यांचे नातू अनिकेत देशमुख लढले आणि ७६८ मतांनी हरले. दोन वर्षांनी, ३० जुलै २०२१ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी सोलापुरात आबासाहेबांचे निधन झाले.

२०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख पंचवीस हजारांच्या फरकाने निवडून आले. राज्यात शेकापची ती एकमेव जागा. ‘गड परत आला’ असे तेव्हा म्हटले गेले. पण त्या लढतीत शहाजीबापू एका शिवसेनेकडून आणि दीपक साळुंखे दुसऱ्या शिवसेनेकडून उभे होते, आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या साळुंखेंना पन्नास हजारांच्या आसपास मते पडली. विजयाच्या फरकाच्या ती दुप्पट आहेत.