जुन्या ट्रॅक्टरमधील कूलंट जाते कोठे? गळतीचे निदान व दुरुस्ती

उत्तर भारतात भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्या दरम्यान शेतकऱ्याच्या हाती मोजकेच दिवस असतात. या दिवसांत ट्रॅक्टर तापून शेतात उभा राहिला, तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा पेरणी लांबल्याचे नुकसान अधिक होते. दिल्ली राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील सोनीपत, झज्जर, पलवल, बागपत, बुलंदशहर यांसारख्या जिल्ह्यांत अनेक वर्षे वापरलेले ट्रॅक्टर आजही शेतीकामाचा भार वाहत आहेत. अशा ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतणे, ही अनेक ठिकाणी नित्याची बाब झाली आहे. परंतु कूलंट हे डिझेलप्रमाणे खर्च होणारे द्रव्य नाही. ते बंदिस्त मार्गाने सतत फिरत राहते. त्याची पातळी वारंवार घटत असेल, तर ते कोठून तरी बाहेर पडत आहे किंवा इंजिनाच्या आत शिरत आहे, असेच समजावे. रोजच्या भरणीमुळे हा दोष झाकला जातो आणि लहान दुरुस्तीचे रूपांतर मोठ्या दुरुस्तीत होते.

शीतकरणाची व्यवस्था

डिझेलच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जाच प्रत्यक्ष कामी येते. तेवढीच उष्णता धुरावाटे निघून जाते आणि उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग शीतकरण यंत्रणेला वाहून न्यावा लागतो. राजधानी क्षेत्रातीलच फरीदाबाद येथे 1959 साली तयार झालेल्या आयशर ट्रॅक्टरचे इंजिन हवेने थंड होणारे होते. त्याला रेडिएटर नव्हता, त्यामुळे कूलंट गळण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे अधिक अश्वशक्तीच्या इंजिनांसाठी द्रवाने थंड होणारी रचना सर्वत्र रूढ झाली.

या रचनेत वॉटर पंप कूलंटला सिलिंडरभोवती फिरवतो, थर्मोस्टॅट ठरावीक तापमानानंतर रेडिएटरकडील मार्ग उघडतो आणि पंख्याची हवा द्रव थंड करते. रेडिएटरचे झाकण मात्र अनेकदा दुर्लक्षित राहते. हे झाकण यंत्रणेत दाब टिकवते. वातावरणाच्या दाबाहून 0.5 बार अधिक दाब असताना पाणी 100 ऐवजी सुमारे 111 अंश सेल्सिअसला उकळते. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर निकामी झाले की हा दाब टिकत नाही, द्रव लवकर उकळतो आणि ओव्हरफ्लो नळीतून बाहेर फेकला जातो. अशा वेळी कोठेही छिद्र नसताना कूलंट कमी होत राहते.

स्थानिक परिस्थितीचा ताण

या भागात मे-जूनमध्ये तापमान 45 अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. गव्हाच्या मळणीच्या व भुसा तयार करण्याच्या हंगामात बारीक भुसा रेडिएटरच्या जाळीत अडकतो आणि हवेचा मार्ग बंद करतो. झज्जर, रोहतक तसेच दिल्लीच्या नजफगढ परिसरातील भूजल अनेक ठिकाणी खारट आहे. असे पाणी रेडिएटरमध्ये भरल्यास नळ्यांत क्षारांचे थर साचतात, धातू गंजतो आणि सांधे कमजोर होतात. गळती झाली म्हणून बोअरचे पाणी भरायचे आणि त्याच पाण्यामुळे नवी गळती ओढवून घ्यायची, असे हे दुष्टचक्र आहे.

निदानाचा क्रम

कोणताही सुटा भाग बदलण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे ठरवावे. त्यासाठी सोप्या तपासणीकडून कठीण तपासणीकडे जावे.

1. थंड इंजिनावर पातळी पाहावी. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पातळी पूर्ण करून खूण करावी. किती तासांच्या कामानंतर किती द्रव घटले याची चार-पाच दिवस नोंद ठेवावी. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब अचानक सुटून उकळता द्रव चेहऱ्यावर व हातांवर उडतो.

2. बाहेरील खुणा शोधाव्यात. रात्री ट्रॅक्टरखाली पुठ्ठा अंथरावा. ओला डाग कोणत्या भागाखाली पडतो यावरून दिशा कळते. होज पाइपची टोके, क्लॅम्प, रेडिएटरच्या टाकीचे सांधे, निचरा तोटी आणि इंजिनच्या बाजूला बसवलेल्या गोल पत्र्याच्या बुचांभोवती पांढरट, हिरवट किंवा गंजाच्या रंगाचे वाळलेले ओघळ दिसतात का, ते पाहावे. गरम भागावर पडलेला थेंब लगेच वाळतो, त्यामुळे जमीन कोरडी असली तरी हे ओघळ गळतीची साक्ष देतात.

3. वॉटर पंप तपासावा. बहुतेक पंपांच्या खालच्या बाजूस एक लहान छिद्र असते. आतील सील झिजले की द्रव या छिद्रातून झिरपते. हे छिद्र बुजवणे म्हणजे इशारा बंद करणे होय. तसे केल्यास द्रव बेअरिंगमध्ये शिरते. इंजिन बंद असताना पंखा हाताने हलवून पाहावा. दांडा डुगडुगत असल्यास पंप उतरवणे भाग आहे.

4. दाबाची चाचणी घ्यावी. कार्यशाळेत हातपंपाने रेडिएटरमध्ये झाकणावर नोंदवलेल्या मर्यादेइतकाच दाब द्यावा. दहा-पंधरा मिनिटांत काटा खाली आल्यास गळती निश्चित समजावी. झाकणाचीही स्वतंत्र चाचणी घ्यावी. दाब उतरत असूनही बाहेर थेंब दिसत नसेल, तर आतील गळतीकडे लक्ष वळवावे.

5. आतील गळतीची लक्षणे पाहावीत. इंजिन तापल्यानंतरही दाट पांढरा धूर येणे, थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येणे किंवा होज पाइप लगेच ताठ होणे, ही हेड गॅसकेट फुटल्याची अथवा सिलिंडर हेडला तडा गेल्याची चिन्हे आहेत. कूलंटमध्ये ज्वलनवायू मिसळले आहेत का, हे रंग बदलणाऱ्या रासायनिक द्रवाच्या साहाय्याने तपासता येते. ऑइलची पातळी न भरता वाढणे किंवा ऑइल दुधी होणे ही धोक्याची सूचना आहे. अनेक ट्रॅक्टर इंजिनांत सिलिंडर लायनरच्या बाहेरील बाजूने कूलंट थेट फिरते. लायनरच्या तळाशी असलेले रबरी सील झिजल्यास ते ऑइलच्या टाकीत उतरते. असे इंजिन चालवल्यास बेअरिंग निकामी होतात, म्हणून ते लगेच बंद करावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दिल्ली परिसरातील हिवाळ्यात इंजिन थोडा वेळच चालवले, तर ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दवामुळे किंचित दुधी थर जमतो. डिपस्टिकवरील ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी स्थिर असेल, तर केवळ या थरावरून हेड उघडण्याची घाई करू नये.

दुरुस्ती

फुगलेले, तडकलेले किंवा दाबल्यावर मऊ लागणारे होज पाइप बदलताना क्लॅम्पही नवे घ्यावेत. झाकण मूळ दाबमर्यादेचेच असावे. जास्त दाबाचे झाकण बसवल्यास जुन्या रेडिएटरचे सांधे फुटू शकतात. पितळ-तांब्याचा रेडिएटर कुशल कारागीर डाग देऊन दुरुस्त करू शकतो आणि नळ्या साफ करू शकतो. प्लॅस्टिकच्या टाक्या असलेल्या ॲल्युमिनियम रेडिएटरची टाकी तडकली असेल, तर तो बदलणेच बहुधा किफायतशीर ठरते.

हेड गॅसकेट बदलताना केवळ नवे गॅसकेट बसवून थांबू नये. तापलेले हेड वाकलेले असू शकते. सरळ पट्टी व फीलर गेजने त्याचा सपाटपणा तपासावा आणि निर्मात्याच्या मर्यादेपेक्षा अधिक फरक आढळल्यास ते घासून घ्यावे. बोल्ट ठरवून दिलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आवळावेत. हे टाळल्यास नवे गॅसकेटही लवकर फुटते.

रेडिएटरमध्ये हळद किंवा गळती थांबवणारी तयार भुकटी टाकण्याची पद्धत अनेक चालकांना ठाऊक आहे. बारीक छिद्र तात्पुरते बुजून वाहन कार्यशाळेपर्यंत पोहोचू शकते. परंतु तीच भुकटी रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही साचते. असा उपाय केलाच, तर पुढील दुरुस्तीच्या वेळी संपूर्ण यंत्रणा धुऊन काढावी.

दुरुस्तीनंतर यंत्रणा स्वच्छ पाण्याने धुऊन, निर्मात्याने सुचवलेले कूलंट डिस्टिल्ड पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून भरावे. येथील थंडीत गोठण्याचा धोका मर्यादित असला, तरी कूलंटमधील गंजरोधक घटक वर्षभर उपयोगी पडतात. भरल्यानंतर इंजिन चालवून आत अडकलेली हवा बाहेर काढावी, थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी. रेडिएटरच्या जाळीतील भुसा इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हवा मारून काढावा.

इथिलीन ग्लायकॉलयुक्त कूलंट चवीला गोडसर व विषारी असते. ते उघड्या घमेल्यात ठेवल्यास गुरे, कुत्री किंवा मुले ते पिण्याची भीती असते. काढलेले कूलंट झाकणाच्या डब्यात साठवावे; शेतात, गोठ्याजवळ किंवा पाण्याच्या चारीत ओतू नये.

मोठ्या खर्चापूर्वी

इंजिन पूर्ण उघडण्याची वेळ आली असेल, तर आधी वाहनाच्या नोंदणीची स्थिती पाहावी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 साली दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना राजधानी क्षेत्रात मनाई केली आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका कायम ठेवली. त्यानंतर नियमांत व सवलतींत बदल होत आले आहेत. त्यामुळे आपल्या जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयातून सद्यःस्थिती जाणून घेऊनच मोठ्या दुरुस्तीचा निर्णय घ्यावा.

हे निदान केवळ दिल्ली परिसरापुरते मर्यादित नाही. विदर्भ व मराठवाड्यातही उन्हाळा तितकाच कडक असतो, अनेक गावांत बोअरचे पाणी जड असते आणि जुन्या ट्रॅक्टरवर नांगरणीपासून ऊस वाहतुकीपर्यंतची कामे चालतात. हंगाम सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी झाकण, होज पाइप, पंख्याचा पट्टा, वॉटर पंप व कूलंटची पातळी तपासण्यास एक सकाळ पुरते. पातळी घटलेली आढळली, तर पाणी भरण्याबरोबरच ती का घटली याचाही त्याच दिवशी शोध घ्यावा.