‘ब’ समरी आणि दिल्लीतील वाद

तपासाअंती गुन्ह्याची फाईल बंद करावयाची झाल्यास महाराष्ट्रातील पोलीस दंडाधिकाऱ्यांपुढे तीनपैकी एक समरी ठेवतात. गुन्हा खरा, पण उलगडा न झालेला, ती ‘अ’. फिर्याद हेतुपुरस्सर खोटी, ती ‘ब’. गैरसमजुतीतून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची, ती ‘क’. मुंबई इलाख्यापासून चालत आलेली ही वर्गवारी ठाण्यातील हवालदारालाही तोंडपाठ असते. राजधानीत खोट्या तक्रारींवरून अधूनमधून पेटणाऱ्या वादात मात्र ‘ब’ आणि ‘क’ यांतील अंतर पुसले जाते.

खोटी फिर्याद हा गुन्हा १८६० च्या दंड संहितेपासूनच आहे. कलम १८२ नुसार सहा महिने कैद वा एक हजार रुपये दंड अशी कमाल शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ ने ती एक वर्ष वा दहा हजारांवर नेली. निरपराध असल्याचे ठाऊक असूनही कोणाला खोट्या आरोपात गोवल्यास कलम २४८ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत आणि तो आरोप फाशी, जन्मठेप वा दहा वर्षांवरील शिक्षेच्या गुन्ह्याचा असल्यास दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग खटले विरळा का? कारण किल्ली पीडिताच्या हाती नाही. पहिल्या कलमाखाली संबंधित लोकसेवकाने किंवा त्याच्या वरिष्ठाने लेखी तक्रार केल्याखेरीज न्यायालय दखल घेऊ शकत नाही. प्रकरण न्यायालयात पोहोचले असल्यास दुसऱ्यासाठी त्या न्यायालयाचीच तक्रार लागते. पंजाबातील एका तहसीलदाराकडे आलेली तक्रार खोटी ठरली आणि खटला पोलिसांनी भरला. तक्रार तहसीलदाराची नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्दबातल ठरवला. त्यात पहिल्या कलमाखालील खटल्याला मुदत एकच वर्षाची. शिवाय ज्या अधिकाऱ्याने त्या फिर्यादीवर विसंबून अटक केली, त्यानेच ती खोटी असल्याचे लेखी द्यायचे. नोकरशाहीचा स्वभाव जाणणाऱ्यांना याहून अधिक सांगायला नको.

ही वाट ओस पडल्यामुळे रोख वळतो तो मूळ संरक्षक कायद्यांकडे. कराडच्या शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयातील गोपनीय अहवालावरून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी ॲट्रॉसिटी कायद्याखालील तात्काळ अटकेला आवर घातला. आधारासाठी खोटी ठरलेली प्रकरणे आणि निर्दोष मुक्तता यांची आकडेवारी शेजारी शेजारी मांडली गेली. २ एप्रिलच्या भारत बंदनंतर सरकार हादरले. ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८ अ घालून निकाल निष्प्रभ केला. पुढे १ ऑक्टोबर २०१९ च्या फेरविचारात न्यायालयानेही ते निर्देश मागे घेतले. साक्षीदार फितणे, तपास सदोष असणे यांमुळेही आरोपी सुटतात, हे तेव्हा मान्य झाले. पण मधल्या दीड वर्षात वादाची किंमत मोजली ती रस्त्यावर उतरलेल्यांनी.

हा भेद कायद्यात लिहिता येतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातील कलम १४ खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद करते आणि लगेच बजावते, की केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती होणार नाही. ‘ब’ आणि ‘क’ चे हेच तत्त्व.

नव्या संहितांनी शिक्षा वाढवल्या. खटल्याची किल्ली होती त्याच हातांत ठेवली. तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी आता करता येते, एवढी एक चाळणी आली. ज्याला विनाकारण अटक घडवली गेली, त्याला दंडाधिकारी तक्रारदाराकडून देववू शकतात ती कमाल भरपाई मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही पूर्वीइतकीच राहिली आहे: एक हजार रुपये.