नुसत्या एकांच्या मूळ संख्या

डहाणूत १९०५ साली जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर महाराष्ट्राला ६१७४ या आकड्यामुळे ठाऊक आहेत. त्यांचा तितकाच लाडका विषय म्हणजे डेम्लो संख्या. हे नाव त्यांनी जीआयपी रेल्वेच्या एका स्टेशनावरून घेतले. उदाहरणार्थ, ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, आणि नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. या देखण्या वर्गांच्या पोटात असते नुसत्या एकांची संख्या. ती स्वतः मूळ कधी असते?

११ मूळ आहे. १११ म्हणजे ३ × ३७, तर ११११ म्हणजे ११ × १०१. एकांची मोजदाद संयुक्त असली की संख्या फुटलीच: सहा एक म्हणजे १११ × १००१. म्हणून मोजदाद मूळच हवी. पण तेवढ्याने भागत नाही. पाच एक म्हणजे ४१ × २७१, सात एक म्हणजे २३९ × ४६४९. इथले अवयवही शिस्तीचे: पहिल्या दोघांना ५ ने आणि नंतरच्या दोघांना ७ ने भागले, तर बाकी १ च उरते. दोन एकांनंतर मूळ संख्या भेटते ती थेट १९ एकांची, मग २३ ची, मग एकदम ३१७ आणि १०३१ ची. अशा संख्या अनंत आहेत का, हे अजून सिद्ध झालेले नाही.

१०३१ अंकी संख्या मूळ आहे हे ह्यू विल्यम्स आणि हार्वी डबनर यांनी १९८६ मध्ये सिद्ध केले. एवढ्या संख्येला एकेका अवयवाने भागून पाहणे अशक्यच. किल्ली असते शेजारच्या संख्येत. या संख्येतून १ वजा केला की उरतात १०३० एक आणि शेवटी शून्य. १०३० संयुक्त असल्याने ही शेजारीण बरीच फुटते, आणि तिच्या अवयवांवरून मूळ संख्येचा दाखला मिळतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली विक्रमी मूळ संख्या याच जातीची आहे. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, अंक ४,१०,२४,३२०. द्विमान पद्धतीत लिहिली, तर तीही नुसत्या एकांचीच! इथे शेजारीण १ ने मोठी: २ चा शुद्ध घात. म्हणूनच इतक्या अवाढव्य संख्येची खात्री करता आली. कानपूर आयआयटीच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दिलेली कसोटी कोणत्याही संख्येला चालते, शेजार कसाही असो. पण विक्रमाच्या शर्यतीत घाट असलेल्या संख्याच पुढे राहतात.

व्यवहारात मात्र उलटे घडते. माहिती गुप्त ठेवणाऱ्या २०४८ बिटांच्या आरएसए कुलपाला प्रत्येकी तीनशेच्या वर अंकांच्या दोन मूळ संख्या लागतात. ३१७ एकांची संख्या आकाराने जवळपास तेवढीच आहे, पण कुलूप फोडणारा सर्वांत आधी तिनेच भागून पाहील. सिद्धतेला घाट हवा आणि गुपिताला घाट नसलेली संख्या, असा हा मूळ संख्यांचा दुहेरी संसार आहे.