टीबीचा पत्ता

गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. शेजारची इमारत जेमतेम तीन मीटरवर. रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांत झोपड्या गेलेल्यांना इथे पक्की घरं मिळाली. ऊन-वारा मात्र मिळाला नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी अशा वसाहतींची पाहणी केली. २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष आले : दाटीने बांधलेल्या इमारतींत टीबी जास्त, त्यातही खालच्या मजल्यांवर अधिक.

मुंबईत टीबीचा माग काढण्याचं काम अलीकडे बरंच सुधारलं आहे. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया यांनी जवळपास कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे रुग्ण जगासमोर आणले आणि खळबळ उडाली. पाठोपाठ मे २०१२ मध्ये खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं बंधनकारक झालं. हे फार आधी व्हायला हवं होतं. खोकला झाला की माणूस आधी गल्लीतल्या दवाखान्यात जातो. तिथे औषधाच्या बाटल्या बदलत आठवडे जातात, आणि घरातल्या बाकीच्यांना लागण होते ती याच काळात. सीबीनॅट यंत्र थुंकीच्या नमुन्यातून सुमारे दोन तासांत टीबी आहे का, त्यावरचं मुख्य औषध रिफाम्पिसिन लागू पडेल का, हे सांगतं. पण थुंकी तिथवर पोचायला तर हवी!

निदानानंतर आरोग्यसेविकेची खरी पायपीट सुरू होते. घरातल्या सगळ्यांची तपासणी, ज्यांना आजार नाही त्यांना प्रतिबंधक गोळ्या. इतक्यात भाडेकरू खोली बदलतो, फोन लागेनासा होतो, कुणी थेट गावी जातो. दोन महिन्यांत खोकला थांबला की ‘आता बरंय’ म्हणून गोळ्या सुटतात, आणि औषधांना न जुमानणाऱ्या टीबीला वाट मिळते. पोषणासाठी सरकारकडून रुग्णाच्या खात्यावर येणारे महिना ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. मजुरी बुडालेल्या घराला तेवढ्याने किती आधार मिळणार?

शिवाय, औषध पूर्ण केलेला रुग्ण परततो तो त्याच खोलीत. एकदा बरं झालं म्हणून पुन्हा लागण होत नाही असं नाही. खेळती हवा जंतूंचं प्रमाण घटवते, सूर्यप्रकाश त्यांना मारतो, हे डॉक्टरांना शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. पुनर्वसनाच्या इमारतींचे नकाशे मंजूर होतात त्या टेबलाशी क्षयरोग विभागालाही खुर्ची द्यायला हवी.