गॅस भरणार कुठे?

गेल्या जूनमध्ये आमच्या दिवाणखान्याच्या छतातून टपटप पाणी गळू लागले. बाहेर त्रेचाळीस अंश, घरात भारतातून आलेली आई. घाईघाईने एका कंत्राटदाराला बोलावले. वर टॉर्च मारून तो म्हणाला, "साब, गॅस कम है, चारसौ दिरहम." पाकीट काढता काढता आम्ही थबकलो. गॅस? आमच्याकडे?

मंडळी, दुबई मरीनातल्या अनेक टॉवरना डिस्ट्रिक्ट कूलिंग आहे. दूरच्या प्लांटमधले चिलर पाणी गार करतात आणि तो गारवा नळांवाटे इमारतीत पोचतो. आपल्या छतात असतो फक्त पंखा, गार पाण्याची कॉइल, फिल्टर आणि खाली ट्रे. गॅस प्लांटमधल्या चिलरमध्ये! (स्प्लिट एसीवाल्यांची गोष्ट वेगळी.) आमच्याकडे कॉइलवर दमट हवेचे सुटलेले पाणी वाहून नेणारी नळीच तुंबली होती. दुसऱ्या कंत्राटदाराने ती अर्ध्या तासात मोकळी केली.

तेव्हापासून आम्ही फोनवरच विचारतो, "आमचे चिल्ड वॉटर आहे, काय काय कराल?" फिल्टर, कॉइल, ट्रे, ड्रेनची नळी अशी उत्तरे आली तरच पुढे बोलायचे. ट्रेड लायसन्स पाहायचे, इमारतीच्या ऑफिसात परवानगीचे विचारायचे, दर लेखी घ्यायचा. फिल्टर मात्र अधूनमधून आपणच धुवावा. आणि हे सगळे उन्हाळ्यापूर्वी उरकावे!

आई म्हणाली, "घरात पाऊस पाहायला दुबईला कशाला यायचं? आपली चाळ होतीच की!"