परदेशची भाकरी आणि हातातील पारपत्र

आमच्या इंदुरातील एक तरुण कामासाठी लिस्बनला जाऊ इच्छितो. त्याच्या वडिलांचा जन्म 1958 सालचा, म्हापशाचा. गोवा, दमण व दीव येथे 19 डिसेंबर 1961 पूर्वी जन्मलेल्यांस व त्यांच्या मुलांस पोर्तुगालच्या कायद्याने आपल्या नागरिकत्वाची वाट खुली ठेवली आहे. आई मात्र विचारते, "फादर, ह्यात धोका नाही ना?"

उत्तरासाठी आफ्रिकेतील मोझांबिककडे पाहू. तेथेही 1975 पर्यंत पोर्तुगीजांचेच राज्य होते. गोव्याचे अनेक ख्रिस्ती तेथे कारकुनी करीत. शेजारी गुजराती बांधवांची दुकाने असत. डिसेंबर 1961 मध्ये गोवा भारतात आला, आणि सालाझार सरकारने तेथील भारतीय नागरिकांना छावण्यांत कोंडले, त्यांची मालमत्ता अडकविली व पुढे त्यांना देशाबाहेर घालविले. पोर्तुगीज पारपत्र असलेले गोवेकर मात्र राहिले. शेजाऱ्याशेजाऱ्यांचे भवितव्य कागदाने ठरविले!

म्हणून, प्रिय वाचकहो, कागद हलका समजू नका. पोर्तुगीज नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच, 1955 च्या कायद्याप्रमाणे, भारतीय नागरिकत्व संपते. त्याबरोबर येथील मतदानाचा हक्कही जातो. पुढे ओसीआय कार्ड मिळाले तरी ते नागरिकत्व नव्हे. भारतीय राहूनही कामाचा परवाना घेऊन पोर्तुगालला जाता येते. तसा करार उभय देशांत 2021 साली झाला आहे.

त्या माउलीस मी म्हणालो, "बाई, मुलाला अडवू नका, परंतु सही करण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून निर्णय घ्या."