एका संगणकाला दोन मुनीम नकोत

दरमहा जीएसटीआर-१ भरणाऱ्यांची मुदत ११ तारखेला संपते. अशाच एका १० तारखेच्या संध्याकाळी आम्ही बदलापूरच्या दुकानात विक्रीचा तक्ता तयार करीत बसलो होतो. वीज गेली. आम्ही निश्चिंत होतो. संगणकाला यूपीएस होता आणि बॅटरी संपत आली की 'हायबरनेट' व्हावे, असे विंडोजमध्ये आम्हीच ठरवून ठेवले होते. पण दोन मिनिटांत संगणक बंद झाला आणि दीड तासाचे काम गेले.

बॅटरी ठीक होती. यूपीएसबरोबर मिळालेला प्रोग्रॅमही आम्ही हौसेने बसविला होता. त्याचा हुकूम असा की वीज गेल्यावर दोन मिनिटांनी संगणक बंद करावा. एका गल्ल्यावर दोन मुनीम बसविल्यासारखे झाले. ज्याची वेळ आधी आली, त्याचा हुकूम चालला.

येथे फरक ध्यानात घ्यावा. 'स्लीप'मध्ये काम मेमरीत राहते, वीज पूर्ण तुटली की जाते. 'हायबरनेट'मध्ये उघडे काम डिस्कवर लिहिले जाते. 'शटडाऊन'मध्ये सेव्ह न केलेले बुडू शकते.

हे भांडण जुनेच. पूर्वी मदरबोर्डवरचा बायोस आपल्या मर्जीने यंत्राला झोपवी. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी एसीपीआय हा नियम काढला आणि अखत्यार विंडोजसारख्या मुख्य प्रणालीकडे आला. पण वरून आणखी एक प्रोग्रॅम आपणच बसविला तर नियम काय करणार?

यूपीएसची यूएसबी वायर जोडल्यावर विंडोजमध्ये बॅटरीचे चिन्ह दिसले, तर विंडोज एकटे पुरेसे आहे. दुसरा प्रोग्रॅम काढून टाकावा. चिन्ह दिसत नसेल, पण कंपनीचा प्रोग्रॅम यूपीएस ओळखत असेल, तर तोच ठेवावा व त्यात 'हायबरनेट' निवडावे. पुष्कळ स्वस्त यूपीएसना अशी वायरच नसते. तेथे कोणताच प्रोग्रॅम कामाचा नाही, हातानेच सेव्ह करून बंद करावे.

लॅपटॉपची गोष्ट थोडी निराळी. काही कंपन्यांचा प्रोग्रॅम चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवितो व बॅटरीचे आयुष्य वाढवितो. तो ठेवावा, मात्र झोपेच्या वेळा फक्त विंडोजमध्ये ठरवाव्यात.

बदल केल्यावर सर्व कामे सेव्ह करावीत, एक रिकामा तक्ता उघडून त्यात दोन आकडे लिहावेत आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून घड्याळ लावून बसावे.